स्विंगच्या विंडोत मागे फोटो टाकायचाय? आधी विंडो रंगते कशी ते बघा

डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला ॲडव्हान्स्ड जावा आलं की मायक्रो प्रोजेक्ट आलाच, आणि प्रोजेक्ट म्हणजे लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर हॉस्पिटल मॅनेजमेंट नाहीतर बस बुकिंग. लॉगिनची विंडो उभी राहिली की ग्रुपमधला एकजण हमखास म्हणणार, अरे मागे एखादा फोटो टाक ना, काय ते राखाडी राखाडी दिसतंय. मागणी चुकीची नाही. वेबपेजला तर सीएसएसची एक ओळ लिहिली की काम होतं. जावात विंडो-बटणं बनवायची लायब्ररी म्हणजे स्विंग, आणि त्यातली विंडो म्हणजे जेफ्रेम. मग त्या जेफ्रेमच्या ऑब्जेक्टपुढे डॉट टाकून एडिटरची ती लांबलचक लिस्ट खाली खाली स्क्रोल करत बसायचं, त्यात सेटबॅकग्राउंड सापडतं पण त्याला फक्त रंग देता येतो, आणि सेटबॅकग्राउंडइमेज असलं काही त्या लिस्टमध्ये नसतं. कितीही शोधा, स्विंगमध्ये ते नाहीच आहे.

आता नेटवर शोधलं तर याची चार-पाच उत्तरं मिळतात, सगळी वेगवेगळी, आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळी थोडा वेळ चालतात. म्हणजे फोटो दिसतो, पण विंडो मिनिमाइज करून परत उघडली की गायब. किंवा फोटो राहतो आणि बटणं गायब होतात. किंवा तुमच्या लॅपटॉपवर सगळं झकास आणि मित्राच्या लॅपटॉपवर जार फाइल (अख्खा प्रोग्राम बांधून ठेवलेली एक फाइल) उघडली की मागे कोरं. या तक्रारी वरवर वेगळ्या वाटतात, पण पहिल्या दोन्हींचं मूळ एकच आहे, आपण समजतो की फोटो विंडोत "ठेवायचा" असतो. तसं नसतं. विंडो स्वतःवर काय काढलंय ते लक्षात ठेवत नाही. तिला आकार बदलायला लागला, मिनिमाइज होऊन परत यायला लागलं, नुसतं एखाद्या बटणावरून माउस फिरला तरी, स्विंग त्या त्या भागाला म्हणतं की चल, स्वतःला परत रंगव. त्यामुळे आपलं काम फोटो ठेवणं हे नाहीच, "रंगवायची वेळ आली की आधी हा फोटो काढ" असा हुकूम योग्य जागी लिहून ठेवणं एवढंच आहे.

ती योग्य जागा कुठली, हे कळायला रंगवण्याचा क्रम माहीत पाहिजे. स्विंगमधला कुठलाही कॉम्पोनंट, बटण असो की पॅनेल, स्वतःला तीन पायऱ्यांत रंगवतो. आधी पेंटकॉम्पोनंट, म्हणजे स्वतःचं अंग. मग पेंटबॉर्डर, म्हणजे कडा. आणि सगळ्यात शेवटी पेंटचिल्ड्रन, म्हणजे पोटात ठेवलेली लेबलं, बटणं, टेक्स्टफील्ड. पंगतीत आधी जमीन पुसतात, मग रांगोळी काढतात आणि मग पाट-पान मांडतात, तसाच हिशोब. पान वाढून झाल्यावर रांगोळी काढायला गेलात तर ती वरणभातावरच पडणार. फोटोची जागा म्हणून पहिल्या पायरीत, पेंटकॉम्पोनंटमध्ये. तिथे काढला की मुलं आपोआप त्याच्या वर येतात, वेगळं काही करावं लागत नाही.

आता ती चालू पडणारी पण चुकीची उत्तरं बघू, कारण ती फार फिरतात. एक म्हणजे गेटग्राफिक्स. फ्रेमकडून ग्राफिक्सचा ऑब्जेक्ट मागून घ्यायचा आणि लगेच त्यावर फोटो काढून टाकायचा. दिसतो की, एकदा. पुढच्या वेळी स्विंगने ती जागा रंगवली की पुसला गेला, कारण तुम्ही काढलात ते स्विंगला माहीतच नाही. मग कोणीतरी टायमर लावून दर सेकंदाला परत काढतो, विंडो लुकलुकायला लागते, ते तर बघवत नाही.

दुसरं उत्तर, जेफ्रेमचीच पेंट मेथड ओव्हरराइड करायची. यात दोन लफडी आहेत. फ्रेमचा शून्य-शून्य हा कोपरा टायटल बारच्या मागे असतो, त्यामुळे फोटोचा वरचा पट्टा त्या बारखाली जातो. आणि मोठं लफडं म्हणजे आपण सुपर डॉट पेंट, म्हणजे फ्रेमची मूळची पेंट, आधी बोलावून नंतर फोटो काढला तर तो सगळ्या बटणांच्या वर बसतो, विंडो उघडल्यावर नुसता फोटो दिसतो आणि माउस जिथे फिरेल तिथलं बटण उगवतं, कारण माउस आल्यावर तेवढं बटण स्वतःला परत रंगवतं. हे लक्षण दिसलं ना, की कोड न बघता सांगता येतं कुठे काय लिहिलंय. उलटं केलं, आधी फोटो आणि मग सुपर, तर फ्रेमच्या आतलं पॅनेल आपला राखाडी रंग फासून फोटो झाकून टाकतं. म्हणजे दोन्हीकडून मार.

हे आतलं पॅनेल काय ते पण सांगतो. जेफ्रेम ही खरं तर नुसती चौकट आहे. तिच्या आत रूटपेन, त्यात लेयर्डपेन, आणि त्यावर कंटेंटपेन बसतो, सगळ्यांच्या वर एक ग्लासपेन असतो जो एरवी अदृश्य असतो. आपण फ्रेम डॉट ॲड म्हणतो तेव्हा वस्तू जाते कंटेंटपेनमध्ये. म्हणजे तुम्हाला जो राखाडी रंग दिसतो तो फ्रेमचा नसतोच, कंटेंटपेनचा असतो. म्हणून तर फ्रेमला सेटबॅकग्राउंड करून लाल रंग दिला तरी काही होत नाही आणि पोरं डोकं खाजवत बसतात.

तर उपाय कंटेंटपेनवर करायचा. घाईतला शॉर्टकट असा: एक जेलेबल घ्या, त्याला इमेजआयकॉन द्या, आणि सेटकंटेंटपेन करून ते लेबलच कंटेंटपेन म्हणून बसवा. लेबल हाही एक कंटेनर आहे, त्यात बटणं टाकता येतात, फक्त त्याला लेआउट, म्हणजे वस्तू कुठे मांडायच्या याचा नियम, नसतो, तो आपण द्यायचा. फोटो विंडोच्याच मापाचा असेल आणि सेटरिसायझेबल फॉल्स करून विंडो ताणायची सोयच बंद केली असेल तर हे पुरतं, लॉगिन स्क्रीनला तर मी हेच सुचवेन, उगाच क्लास बनवत बसू नका. पण ताणता येणारी विंडो असेल तर लेबल फोटो ताणत नाही, फोटो मूळ मापातच राहतो आणि चारी बाजूंनी रिकामी जागा दिसते.

नेटबीन्स या एडिटरमध्ये ड्रॅग करून फॉर्म बनवणारे एक वेगळंच करतात, लेबल फोटोसकट फॉर्मवर टाकतात आणि त्याच्यावर बटणं ठेवायला जातात. नेहमीच्या लेआउटमध्ये ती बटणं लेबलला बाजूला ढकलतात, कारण लेआउट मॅनेजरचं कामच एकमेकांवर काही येऊ न देणं हे आहे. मग लेआउट ॲब्सोल्यूट करतात, म्हणजे प्रत्येकाची जागा स्वतःच ठरवतात. तिथे पण एक मेख आहे: स्विंगमध्ये जो आधी ॲड झाला तो वर असतो. हो, उलटंच वाटतं. म्हणजे फोटोचं लेबल सगळ्यात शेवटी ॲड झालं पाहिजे, नेव्हिगेटरच्या यादीत ते तळाला न्या, नाहीतर त्याच्याखाली सगळं गाडलं जातं.

आता सरळ मार्ग. जेपॅनेल एक्सटेंड करणारा एक छोटा क्लास लिहायचा. त्यात बफर्डइमेजचं, म्हणजे मेमरीत वाचून ठेवलेल्या फोटोचं, एक फील्ड. कन्स्ट्रक्टरमध्ये इमेजआयओ डॉट रीडने फोटो एकदाच वाचून त्या फील्डमध्ये ठेवायचा. मग पेंटकॉम्पोनंट ओव्हरराइड करायची, तिच्यात पहिली ओळ सुपर डॉट पेंटकॉम्पोनंट, आणि दुसरी ओळ ड्रॉइमेज, जिला फोटो, शून्य, शून्य, गेटविड्थ, गेटहाइट आणि शेवटी धिस द्यायचं. संपलं. मेनमध्ये या क्लासचा ऑब्जेक्ट बनवून सेटकंटेंटपेनला द्या आणि त्याच्यात नेहमीसारखी बटणं टाका.

दोनच ओळी असल्या तरी त्यातलं काहीही उगाच नाहीये. सुपरची ओळ गाळली तर जमीन न पुसता रांगोळी काढल्यासारखं होतं, फोटो पूर्ण जागा व्यापत नसेल किंवा पारदर्शक पीएनजी असेल तर आधीच्या चित्राचा कचरा मागे दिसत राहतो. फोटो वाचायचं काम पेंटकॉम्पोनंटमध्ये का नाही, तर ती मेथड कधी आणि किती वेळा बोलावली जाईल हे आपल्या हातात नाही, विंडोचा कोपरा धरून ओढलात तरी ती धडाधड पळते आणि दर वेळी डिस्कवरून फाइल वाचायला गेली तर विंडो अडखळते. गेटविड्थ आणि गेटहाइट मात्र तिथेच विचारायचं, कन्स्ट्रक्टरमध्ये विचारलं तर दोन्ही शून्य येतात, पॅनेलला अजून आकारच मिळालेला नसतो. आणि शेवटचं ते धिस: टूलकिटच्या गेटइमेजने, म्हणजे फोटो आणायच्या दुसऱ्या एका पद्धतीने, आणलेला फोटो मागच्या मागे लोड होत असतो, पूर्ण आल्यावर कोणाला कळवायचं तर या पॅनेलला, मग ते स्वतःला परत रंगवतं. इमेजआयओने वाचलेला फोटो आधीच पूर्ण आलेला असतो, तिथे नल दिलं तरी चालतं, पण सवय म्हणून धिस द्यावं.

हे केल्यावर दोन गोष्टींनी लोक दचकतात. बटणं एका ओळीत वरती मधोमध येऊन बसतात, कारण फ्रेमच्या मूळ कंटेंटपेनला बॉर्डरलेआउट होता आणि साध्या जेपॅनेलला फ्लोलेआउट असतो, तुम्ही पेन बदलला म्हणजे लेआउट पण बदलला. आणि पॅक, म्हणजे विंडो आतल्या मजकुराच्या मापाची करणारी मेथड, बोलावली की विंडो चिमुकली होऊन जाते. पॅनेलला फोटोबद्दल काहीच माहीत नसतं, ते आपला आकार पोटातल्या कॉम्पोनंटवरून ठरवतं आणि पोट रिकामं असेल तर फ्लोलेआउटमध्ये तो आकार १० बाय १० पिक्सेल येतो. गेटप्रिफर्डसाइज ओव्हरराइड करून फोटोचं किंवा तुम्हाला हवं ते माप परत करा, मिटलं.

फोटो ताणण्याबद्दल. वर दिलेली ओळ फोटो विंडोच्या मापात कोंबते, लांबरुंद विंडो केली की फोटोतली माणसं जाडी होतात. मोबाइलच्या वॉलपेपरसारखं प्रमाण राखून पूर्ण झाकायचं असेल तर थोडं गणित आहे. पॅनेलची रुंदी भागिले फोटोची रुंदी, पॅनेलची उंची भागिले फोटोची उंची, या दोन आकड्यांतला मोठा घ्यायचा, त्याने फोटोची दोन्ही मापं गुणायची. समजा फोटो १९२० बाय १०८० आहे आणि विंडो ८०० बाय ८००. पहिला भागाकार साधारण ०.४२, दुसरा ०.७४. मोठा घेतला तर फोटो होतो १४२२ बाय ८००. रुंदीला ६२२ पिक्सेल जास्तीचे, ते दोन्हीकडून सारखे कापले जावेत म्हणून सुरुवात वजा ३११ वर करायची. ड्रॉइमेजला वजा आकडा चालतो, बाहेरचं ते कापून टाकतं. मोठ्याऐवजी लहान आकडा घेतला तर उलटं होतं, अख्खा फोटो दिसतो पण वरखाली पट्ट्या उरतात. आणि हा भागाकार करताना डबलमध्ये करा बरं का, इंटमध्ये ८०० भागिले १९२० केलं तर जावा शून्य देतं, अपूर्णांक पार उडवून टाकतं, आणि मग फोटो का येत नाही म्हणून तासभर जातो. लहान-मोठा केलेला फोटो खरबरीत दिसत असेल तर ग्राफिक्स२डीला रेंडरिंग हिंट देऊन बायलिनिअर इंटरपोलेशन, म्हणजे शेजारच्या पिक्सेलचे रंग मिसळणं, चालू करा.

आता पोटातल्या वस्तू. फोटो आला, त्यावर नाव-पासवर्डचं एक पॅनेल ठेवलं आणि मधोमध राखाडी ठोकळा आला. कारण जेपॅनेल ओपेक असतं, आपली जागा आपल्या रंगाने पूर्ण भरतं. त्याला सेटओपेक फॉल्स करायचं. जेलेबल मुळात ओपेक नसतं त्यामुळे त्याचा त्रास नाही. बटणाला सेटकंटेंटएरियाफिल्ड फॉल्स लागतं.

पण खरी फसवणूक आहे ती अर्धपारदर्शक रंगात. फोटोवर अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून आपण पॅनेलला पांढरा, अल्फा १५० असा रंग देतो, अल्फा म्हणजे ० ते २५५ मधला अपारदर्शकपणाचा आकडा. विंडो उघडल्यावर मस्त दिसतं. मग टाइप करायला लागलं, बटण दाबलं, की अक्षरांची भुतं उमटायला लागतात, एकाच जागी दोन-दोन बटणं. होतं असं की पॅनेल अजून ओपेक म्हणून नोंदलेलं असतं, म्हणजे त्याने स्विंगला वचन दिलेलं असतं की माझ्या जागेतला एकूण एक पिक्सेल मी भरीन, तेव्हा मागचं रंगवायची तसदी घेऊ नकोस. स्विंग विश्वास ठेवतं, मागचा फोटो परत काढत नाही, आणि तुमचा पातळ रंग जुन्याच चित्रावर थरावर थर चढत जातो. उपाय, सेटओपेक फॉल्स, आणि त्या पॅनेलच्या पेंटकॉम्पोनंटमध्ये फिलरेक्टने तो अर्धपारदर्शक रंग स्वतः भरायचा. अख्खा फोटोच मंद करायचा असेल तर बॅकग्राउंड पॅनेलमध्ये ड्रॉइमेजच्या लगेच खाली काळा, अल्फा १२० वगैरे रंग भरा, एका ओळीत सगळी अक्षरं वाचता येतात. जेटेबलच्या मागे फोटो दाखवायचा हट्ट मात्र सोडा. टेबल, त्याचा स्क्रोलपेन, त्यातला व्ह्यूपोर्ट आणि सेल रेंडरर इतक्या सगळ्यांना पारदर्शक करावं लागतं आणि एवढं करून शेवटी रकान्यातले आकडे कोणाला धड वाचता येत नाहीत.

आता ती तिसरी तक्रार, मित्राच्या लॅपटॉपवर फोटो न येण्याची. याचा रंगवण्याशी संबंध नाही, फाइल सापडण्याशी आहे. आपण पाथ लिहितो सी ड्राइव्ह, युजर्स, डेस्कटॉप, तो पाथ दुसऱ्याकडे कसा असणार? त्यात बॅकस्लॅशची भानगड वेगळी, जावाच्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशपुढे एन आला की नवीन ओळ, टी आला की टॅब, म्हणजे न्यू नावाच्या फोल्डरमधला फोटो कधीच सापडणार नाही आणि या एन-टीबद्दल कंपायलर चकार शब्द काढणार नाही. नुसतं फाइलचं नाव लिहिलं तर जावा ते चालू फोल्डरमध्ये शोधतं, एडिटरमधून चालवताना हा फोल्डर प्रोजेक्टचा असतो म्हणून सापडतं, जार करून डेस्कटॉपवर ठेवली की नाही सापडत. म्हणून फोटो प्रोजेक्टच्या सोर्समध्येच इमेजेस असं पॅकेज करून ठेवा आणि गेटक्लास डॉट गेटरिसोर्सने मागा, पाथ फॉरवर्ड स्लॅशने (/) सुरू करून. मग फोटो जारच्या पोटातच जातो. फक्त स्पेलिंगची कॅपिटल-स्मॉल अक्षरं तंतोतंत जुळवा. विंडोजला फोल्डरमधली फाइल शोधताना त्याचं काही वाटत नाही, जारच्या आत मात्र मोठा बी आणि छोटा बी ही दोन वेगळी नावं. एडिटरमध्ये चालतं आणि जारमध्ये नाही याचं हे कारण मी सगळ्यात आधी तपासेन.

इमेजआयकॉनचा एक वाईट गुण इथे सांगायलाच हवा, स्ट्रिंगमध्ये दिलेला पाथ चुकला तरी तो एरर देत नाही, गुपचूप रिकामा आयकॉन देतो. संशय आला तर त्याची रुंदी प्रिंट करा, वजा १ आली म्हणजे फाइल मिळालीच नाही. इमेजआयओ निदान एक्सेप्शन फेकतं, पण आपण ते कॅचमध्ये पकडून आत काहीच लिहीत नाही, मग काय उपयोग. एक जागा अशी आहे की तेही गप्प राहतं: फाइल सापडली पण फॉरमॅट ओळखता आला नाही तर ते सरळ नल परत करतं, आणि ड्रॉइमेजला नल दिलं तर तीही काही न काढता निघून जाते. ना एरर ना फोटो. हल्ली नेटवरून उतरवलेले फोटो बरेचदा वेबपी असतात, आपण त्याचं नाव बदलून डॉट जेपीजी करतो आणि समजतो झालं. जावाबरोबर येणारं इमेजआयओ जेपेग, पीएनजी, जिफ, बीएमपी वाचतं, जावा ९ पासून टिफ पण, वेबपी नाही. विंडोजच्या पेंट प्रोग्राममध्ये उघडून पीएनजी म्हणून सेव्ह करा. मोबाइलने उभा काढलेला फोटो विंडोत आडवा झोपलेला दिसला तर तेही नवल नाही, फोन बरेचदा फोटो आडवाच साठवतो आणि "हा फिरवून दाखवा" अशी खूण आत लिहितो, इमेजआयओ ती खूण बघून फोटो फिरवत नाही.

मोबाइलचा फोटो जसाच्या तसा टाकूही नका. फाइल ३ एमबीची दिसते ती दाबून भरलेली, मेमरीत उघडली की प्रत्येक पिक्सेलला किमान ३ बाइट, म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो ३६ एमबी जागा खातो, आणि विंडो ताणताना दर वेळी एवढा मोठा लहान करायचं काम वेगळं. १९२० बाय १०८० करून घेतला तर तोच हिशोब ६ एमबीच्या आसपास येतो. फार लहानही नको, कारण जावा ९ पासून स्विंग विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग मानतं, १५० टक्क्यांवर ठेवलेल्या लॅपटॉपवर ८०० बाय ६०० ची विंडो प्रत्यक्षात १२०० बाय ९०० पिक्सेल घेते आणि ८०० चा फोटो तिथे धूसर दिसतो.

जावाची सक्ती नसेल तर इतरत्र हे काम बरंच सोपं आहे. विंडोज फॉर्म्समध्ये बॅकग्राउंडइमेज ही प्रॉपर्टीच आहे, फक्त तिचा डिफॉल्ट टाइल असतो, छोटा फोटो फरशीसारखा पुन्हा पुन्हा दिसतो, तो स्ट्रेच किंवा झूम करायचा. जावाएफएक्समध्ये सीएसएस चालतं, त्यात साइज कव्हर लिहिलं की वरचं सगळं भागाकाराचं गणित तेच करून देतं. पायथनच्या टीकिंटरमध्ये लेबलला फोटोइमेज देऊन प्लेस मेथडने सगळीकडे पसरायचं, पण तो फोटोइमेज फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवला तर फंक्शन संपल्यावर पायथन तो कचरा समजून टाकून देतं आणि विंडोत कोरी जागा उरते, म्हणून त्याला सेल्फवर किंवा लेबलवरच ॲट्रिब्यूट करून बांधून ठेवायचं.